छोट्या पाणबुडीची प्रतिकृती तपासताना

मा. संपादक यांस, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील छोट्या पाणबुडीची प्रतिकृती देखणी असली, तरी तिच्या अचूकतेबद्दल शंका आहे. १९४२ मध्ये सिडनी बंदरावर चालून गेलेली जपानी पाणबुडी सुमारे २३.९ मीटर लांब असल्याने १/७२ प्रमाणात ती ३३ सेंटिमीटर भरायला हवी. छायाचित्राखाली मात्र २५ छापले आहे. नाकाशी टॉर्पेडोच्या दोन नळ्या शेजारीशेजारी दाखवल्या आहेत. मूळ पाणबुडीत त्या एकावर एक होत्या. शिवाय ‘कॅनबेराच्या संग्रहालयातील पाणबुडीवरून मापे घेतली’ हा दावा (मेहनत कौतुकास्पदच!) जपून स्वीकारावा, कारण ती पाणबुडी दोन वेगवेगळ्या पाणबुड्यांचे अवशेष जोडून उभी केलेली आहे.

आपला,
एक वाचक