महालातला एक वाडा तरी आतून पाहता यावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत पुण्याचे पाहुणे आले होते. दीक्षाभूमी झाली, अजब बंगला, म्हणजे आपलं वस्तुसंग्रहालय, पाहून झालं, फुटाळा तलावावर चक्कर झाली. तिसऱ्या दिवशी मी त्यांना महालात, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तीत, नेलं, माझं माहेर तिथलं. गांधी गेटपाशी ऑटो सोडला. आमच्या घरातली मोठी माणसं त्याला शेवटपर्यंत जुम्मा दरवाजाच म्हणत. गोंड राजा चांदसुलतानाने नागपूरला कोट घातला, जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, बांधला आणि त्याच्यानंतर भोसल्यांनी इथे राजधानी केली, हे चालता चालता सांगत होते. पाहुण्यांनी विचारलं, "यातला एखादा वाडा आतून बघता येतो का?" मी दोन-तीन दिंडीदरवाजे बाहेरूनच दाखवले. आत माणसं राहतात, दार कसं वाजवायचं?

आमचा वाडा सात वर्षांपूर्वी गेला. वारस नऊ, जुन्या भाड्याची चार बिऱ्हाडं, आणि दरवर्षी मिरगाआधी छपरावरचे कवेलू फेरायचा खर्च. सागवानी खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. तिथे आज चार मजली इमारत आहे. मातीच्या भिंती दोन हात जाड होत्या. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला तरी माजघरात कूलरशिवाय झोप लागायची. चौकातल्या विहिरीचं पाणी, ओसरीवरचा झोपाळा, देवळीतली चिमणी. हे माझ्या नातवाला सांगून समजत नाही. त्याला तिथे उभंच करायला हवं.

इथून 75 किलोमीटरवर सेवाग्राम आहे. 1936 साली गांधीजी तिथे राहायला गेले. बापूकुटीत शिरताना आपण आपोआप वाकतो, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसतो, आणि एवढ्याशा खोलीत त्यांचा दिवस कसा जात असेल ते कळतं. वस्तू आपापल्या जागी आहेत म्हणून हे होतं. काचेच्या कपाटातली तलवार पाहून असं होत नाही. अजब बंगला मला फार प्रिय आहे, 1863 पासूनचा तो ठेवा आहे, पण घर दाखवणं हे त्याचं काम नाही.

नागपूरचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं, भोसल्यांचा जुना राजवाडा 1864 च्या आगीत गेला. त्या काळाचं राहतं रूप आता महालातल्या मोजक्या वाड्यांतच उरलंय. चिटणवीस वाडा अजून उभा आहे, याचं मला मनापासून समाधान आहे.

माझी विनंती एवढीच की, महापालिकेने वारसा यादीतला एखादा वाडा मालकांच्या संमतीने घर म्हणूनच जपावा: बैठकीत जाजम, स्वयंपाकघरात चूल, जातं, रांजण. आठवड्यातून एक सकाळ तो लोकांसाठी उघडावा आणि माहिती सांगायला महालातल्याच पोरापोरींना शिकवावं. जे मालक दार उघडतील त्यांना मालमत्ता करात सूट द्यावी, दुरुस्तीला हातभार लावावा. खर्च एकट्या वारसदारावर टाकला की वाडा पडतो, हे मी स्वतःच्या घरी पाहिलंय.

आमच्या वाड्यातला पाटा-वरवंटा, पितळी घंगाळ आणि दिंडीची लोखंडी कडी मी जपून ठेवली आहे. असा वाडा उघडला, तर ते सगळं मी स्वतः आणून देईन.

आपली,
महालची एक माहेरवाशीण, नागपूर