बाबांच्या डोळ्यातल्या गाठीच्या तपासणीबद्दल

प्रिय आई-बाबा,

रागावू नका. गाठ जाळायची किरणांची चकती डोळ्यावर बसवतानाच बाबांच्या डोळ्यातल्या गाठीचा सुईने नमुना घ्यायला मी डॉक्टरांना होकार कळवलाय. सही अर्थात बाबांचीच. आई, "आता डोळ्यात सुई कशाला?" हे मला इथूनही ऐकू येतंय. डोळा बधिर केलेला असेल, सुई अगदी बारीक असते. गाठ मेलानोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाची आहे हे तपासणीत आणि सोनोग्राफीत कळलंच आहे. ही सुई गाठ पुढे पसरायचा धोका किती ते पाहायला. नंतर घेऊ म्हटलं, तर किरणांनी पेशी मेल्यावर जनुकांचा रिपोर्ट तितका भरवशाचा राहत नाही.

तिसऱ्या गुणसूत्राच्या दोन प्रती हव्यात. गाठीत एक हरवली असेल, बीएपी१ जनुक बिघडलं असेल, तर गाठ यकृतात जायचा धोका जास्त. आठव्याचा भाग वाढलेला असला तर आणखी. ईआयएफ१एएक्स जनुकात बदल निघाला तर बराच दिलासा. एसएफ३बी१ जनुकात बदल असेल तर धोका उशिरा येतो, म्हणजे पाच वर्षं बरी गेली तरी तपासण्या चालूच. जीएनएक्यू किंवा जीएनए११ जनुकात बदल दिसला तर घाबरू नका, दोहोंपैकी एक बहुतेकांच्या गाठीत असतोच. कधी पेशी कमी पडतात आणि रिपोर्टच येत नाही, तेही धरून चला.

डोळ्याचा उपचार यानं बदलणार नाही. बदलेल ती यकृतावरची नजर: धोका जास्त असेल तर दर सहा महिन्यांनी एमआरआय. नुसत्या रक्ततपासणीत लहान डाग निसटतात, आणि डाग थोडे नि लहान असतानाच ऑपरेशनचा मार्ग मोकळा असतो. म्हणून एवढा हट्ट.

बाबा, खोलीत आईची खाट असेल, डबा घरचाच येईल, रेडिओ देतेय. सुईनंतर डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगले तर तो बहुधा थोडा रक्तस्राव, विरतो. दुखलं किंवा दिसणं घटलं तर लगेच नर्सला सांगा. चकती डोळ्यावर असेपर्यंत किरणांमुळे चिनू भेटायला येणार नाही, रुसू नका. रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. यकृताचे काढे मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत, काहींनी रिपोर्ट बिघडतात.

आई, आमच्या डोळ्यात कचरा गेला की पदराचा बोळा फुंकून शेकायचीस, किती बरं वाटायचं. या वेळी डोळ्याला हात लावायचा नाही हं.

बीएपी१ बिघडलेलं निघालं तरी ते सहसा गाठीपुरतंच असतं, वारशानं क्वचित. आमची काळजी नको. गरज पडली तर दादा आणि मी जनुकांच्या तपासणीला रक्त देऊ.

बाबा, धोक्याचा आकडा ऐकायचा नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. मग रिपोर्ट मी वाचीन, तुम्हाला फक्त एमआरआयची तारीख कळवीन.

तुमची,
सोनू