खेळासाठी इंजिन निवडताना मदत करणाऱ्या सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी संगणकावर जोडाक्षरांचा एक छोटा खेळ तयार करायचा आहे, त्यासाठी कोणते इंजिन (म्हणजे खेळ घडवण्याचे सॉफ्टवेअर) घ्यावे, असे मी आपल्याला विचारले होते. आपण कोणत्याच इंजिनाचे नाव घेतले नाही. "आधी त्यात ‘विद्यार्थी’ हा शब्द लिहून पाहा आणि मग त्याचा परवाना शेवटपर्यंत वाचा," एवढेच म्हणालात. त्या सल्ल्याबद्दल जाहीर आभार मानावेत असे वाटले, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेले आणखी काही शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत.

शाळेच्या संगणकावर गोडो या इंजिनाची जुनी, तिसऱ्या मालिकेतली आवृत्ती होती. तीत तो शब्द लिहिला, तेव्हा अक्षरे टंकलेल्या क्रमाने सुटी सुटी उभी राहिली: पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे, पाय मोडलेला ‘द’ एकीकडे नि ‘य’ दुसरीकडे, आणि ‘थी’वर रफार चढण्याऐवजी तिच्या आधी पाय मोडका ‘र’. जोडाक्षरे शिकवणाऱ्या खेळातच ती जुळत नसतील, तर बाकीच्या सोयी काय चाटायच्या? मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीत मजकूर मांडणारा भाग नव्याने लिहिला गेला आणि त्यात अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझ ही मुक्त लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतली गेली. तिथे तोच शब्द बिनचूक उमटला. ब्राउझरमध्ये खेळ चालवताना इंजिनाला संगणकातले फॉन्ट मिळत नाहीत आणि देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात, हेही आपण आधीच बजावले होते. म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टकारांच्या संस्थेने घडवलेला, मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट सुरुवातीपासूनच प्रकल्पात ठेवला.

परवान्याचे वाचन त्या मानाने लवकर आटोपले. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मन्सूर यांनी घडवलेले हे इंजिन २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुले झाले. खेळ विकला तरी रॉयल्टी द्यावी लागत नाही, इंजिनाच्या कोडमध्ये हवे ते बदल करता येतात. अट एवढीच, की प्रताधिकाराची सूचना आणि परवान्याचा मजकूर खेळासोबत द्यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या कंपनीने खेळाच्या इन्स्टॉलवर शुल्क जाहीर केले, तेव्हा पुष्कळ जण गोडोकडे वळले; वर्षभराने ते शुल्क मागे घेतले गेले. खरे सांगायचे तर माझ्यासारखीला ते शुल्क कधीच लागले नसते, कारण दोन लाख डॉलरच्या उत्पन्नाची मर्यादा ओलांडण्याचा संभव आमच्या खेळात औषधालाही नाही. परंतु आपला मुद्दा रकमेचा नव्हताच. एमआयटी परवान्याने एकदा हाती आलेली आवृत्ती पुढे कोणाचे मन बदलले तरी आपल्याकडून काढून घेता येत नाही, हे आपण ज्या शांतपणे समजावलेत, त्याने माझा निर्णय पक्का झाला.

आपण उणिवाही झाकल्या नाहीत. प्लेस्टेशन किंवा स्विचसारख्या कन्सोलवर (खेळांच्या खास यंत्रावर) खेळ न्यायचा तर गोडोत थेट सोय नाही, वेगळ्या कंपनीची मदत घ्यावी लागते; आणि चौथ्या मालिकेत सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला खेळ ब्राउझरसाठी निर्यात करता येत नाही. पहिली अडचण आम्हाला गैरलागू होती, दुसरीमुळे गोडोची स्वतःची जीडीस्क्रिप्ट ही भाषा घेतली, आणि शाळेतल्या जुन्या संगणकांसाठी आपण सुचवलेला ‘कम्पॅटिबिलिटी’ रेंडरर (पडद्यावर चित्र रेखाटणारा भाग) निवडला. इंजिन इन्स्टॉल करावे लागत नाही, फाइल उघडली की काम सुरू. प्रयोगशाळेत ॲडमिनचा पासवर्ड कोणाकडे आहे हेच ठाऊक नसते, तिथे ही सोय फार मोलाची ठरली.

आता एक विनंती. खेळाच्या श्रेयनामावलीत परवान्याचा मजकूर घातला आहे आणि त्याच्याखाली ऋणनिर्देशासाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे. तिथे आपले नाव छापण्यास आपली संमती असल्यास कृपया कळवावे.

आपली विनम्र,
एक प्राथमिक शिक्षिका