‘पिशवी’चा निकाल सोनोग्राफीच्या कागदावर नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऊसतोडीचा हंगाम आटोपून टोळ्या गावाकडे परतू लागल्या की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातील सोनोग्राफी केंद्रांच्या बाकांवर बायकांची गर्दी वाढते. पाच-सहा महिने अंगावर काढलेली दुखणी याच दिवसांत डॉक्टरांपुढे मांडली जातात आणि बहुतेकींच्या हातात एकच चिठ्ठी येते, पोटाच्या सोनोग्राफीची. बीड जिल्ह्यात वीस वर्षांहून अधिक काळ क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून हे यंत्र चालवल्यानंतर मला आपल्या वाचकांपुढे एक गोष्ट मांडायची आहे. पडद्यावर दिसलेले चित्र आणि त्याखाली आम्ही इंग्रजीत लिहिलेल्या चार ओळी म्हणजे रोगाचा निकाल नव्हे. तरीही या जिल्ह्यात त्या चार ओळींच्या आधारावर गर्भाशये काढली गेली, आणि त्यात ओळी लिहिणाऱ्या आम्हा मंडळींचा जो वाटा आहे, त्याविषयी फारसे कोणी बोललेले नाही.

आकडे वाचकांच्या विस्मरणात गेले असतील म्हणून पुन्हा देते. बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली, असे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितले होते. त्यानंतर नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीची माहिती आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती, म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीचे. या बातम्या आल्या तेव्हा चर्चा शस्त्रक्रिया करणाऱ्यांची झाली, मुकादमांची झाली, ‘खाड्या’च्या दंडाची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण यांतल्या अनेक शस्त्रक्रियांच्या फायलीत सर्वांत वर कोणता कागद असतो, हे मी जवळून पाहिले आहे. तो कागद आमचा असतो.

त्या कागदावर सर्वाधिक वेळा आढळणारा शब्द म्हणजे ‘बल्की युटेरस’. त्याचा अर्थ एवढाच की गर्भाशय आकाराने थोडे भरलेले दिसते. मूल न झालेल्या स्त्रीचे गर्भाशय साधारण सात-साडेसात सेंटिमीटर लांब असते आणि बाळंतपणे झाल्यावर ते प्रत्येक बाजूने सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोठेच राहते. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न होऊन तिशीच्या आत तीन बाळंतपणे झालेल्या बाईचे गर्भाशय नऊ सेंटिमीटर भरले, तर त्यात आजार कोणता? मात्र हाच शब्द दवाखान्याच्या टेबलावरून घरापर्यंत पोहोचताना ‘पिशवीला सूज’ होतो, शेजारणीपर्यंत जाताना ‘पिशवी खराब झाली’ होतो आणि चार दिवसांत त्याचा ‘पुढे कॅन्सर होईल’ झालेला असतो. दुसरा शब्द ‘नाबोथियन सिस्ट’. गर्भाशयमुखावरील ग्रंथींचे तोंड बंद होऊन तयार झालेल्या या बारीक पाणफोडासारख्या गाठी असंख्य निरोगी स्त्रियांमध्ये दिसतात आणि त्यांना कसलाही उपचार लागत नाही. पण अहवालात ‘सिस्ट’ असे लिहिले की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तिसरी गोष्ट अंडाशयातील पाण्याच्या गाठीची. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या अंडाशयात दर महिन्याला एक बीजपुटी वाढते, ती अंडे सुटण्याआधी दोन-अडीच सेंटिमीटरची होते, आणि कधी ती वेळेवर न फुटता आणखी फुगते. आत नुसते पाणी असलेली, पाच सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी, पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत, पुन्हा पाहणे एवढेच करायचे असते.

गर्भाशयाच्या अस्तराचेही असेच आहे. पाळी संपल्यावर ते तीन-चार मिलिमीटर असते आणि पुढची पाळी जवळ आली की चौदा-पंधरा मिलिमीटरपर्यंत जाते. त्यामुळे शेवटच्या पाळीची तारीख न विचारता अस्तराची जाडी लिहिणे म्हणजे महिना न सांगता विहिरीतले पाणी किती हात आहे ते सांगण्यासारखे आहे. पाळी कायमची गेलेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव झाला तर मात्र तीच जाडी फार महत्त्वाची ठरते, कारण ती चार मिलिमीटरच्या वर असेल तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. मापाचे यंत्र तेच, पण पडद्यावरच्या आकड्याला अर्थ येतो तो समोरच्या बाईच्या वयामुळे आणि तक्रारीमुळे, आणि आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बहुधा या दोन्ही गोष्टी नसतात. ‘यूएसजी अ‍ॅबडोमेन-पेल्विस’, म्हणजे पोट आणि ओटीपोटाची सोनोग्राफी, एवढे लिहून खाली सही.

ज्या तक्रारीसाठी सर्वाधिक बायका पाठवल्या जातात, ती म्हणजे अंगावरून पांढरे जाणे. हे पांढरे का जाते, याचे उत्तर सोनोग्राफीत मिळत नाही. त्यासाठी आतून तपासणी करावी लागते, गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहावे लागते, पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशींचा नमुना, घ्यावा लागतो. बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग निघतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. ज्या कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या, तो गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत आमच्या पडद्यावर दिसतच नाही. म्हणजे सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून त्याची तपासणी टाळणेही चूक, आणि सोनोग्राफीत ‘काहीतरी’ दिसले म्हणून त्याच्या भीतीने पिशवी काढणे ही त्याहून मोठी चूक.

दोन वर्षांपूर्वीची एक बाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वय बत्तीस, तीन मुले, ओटीपोटात डावीकडे दुखते, लघवीला जळजळ होते, वारंवार जावे लागते. दुसरीकडच्या एका अहवालात बल्की युटेरस लिहिलेले होते, शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती आणि तिच्या खर्चासाठी नवऱ्याने मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचलही घेऊन ठेवली होती. नातेवाइकांपैकी कोणीतरी आग्रह धरला म्हणून ती पुन्हा तपासणीसाठी आली. मी पोटावर यंत्राचा प्रोब ठेवला तेव्हा मूत्राशय जवळजवळ रिकामे होते. आधीच्या अहवालातही ‘मूत्राशय पुरेसे भरलेले नाही’ अशी प्रामाणिक नोंद होती, पण त्या नोंदीचा अर्थ कोणाला कळला नव्हता. भरलेले मूत्राशय ही आमची खिडकी असते; तिच्यातून मागचे गर्भाशय दिसते आणि मूत्रवाहिन्यांची शेवटची टोकेही दिसतात. खिडकीच बंद असेल तर आत काय दिसणार? मी तिला पाणी पाजून तासभर बाहेर बसवले. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा डावी मूत्रवाहिनी फुगलेली दिसली आणि ती मूत्राशयात शिरते त्याच जागी पाच मिलिमीटरचा ठसठशीत पांढरा ठिपका होता, त्याच्या मागे काळी सावली पडलेली. हालचाल रंगांत दाखवणारा डॉपलर लावताच त्या ठिपक्यावर रंगांची चमचम सुरू झाली. उजव्या बाजूने मूत्राशयात थोड्या थोड्या वेळाने लघवीचे कारंजे उडत होते, डाव्या बाजूला सामसूम. मुतखडा! गर्भाशय तिच्या तीन बाळंतपणांना साजेसेच होते.

टेबलावर पडल्या पडल्या तिने मला विचारले, “मॅडम, पिशवी काढल्यावर खाडा पडत न्हाई म्हनत्यात, ते खरं का?” नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्यांतले एक जण एक दिवस जरी कामावर गेले नाही तरी मुकादम खाडा लावतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रश्नाचे नवल वाटणार नाही. तिला मी काय उत्तर दिले ते इथे महत्त्वाचे नाही. पंधरा दिवसांनी ती काडेपेटीत घालून तो खडा मला दाखवायला घेऊन आली.

ऊसतोडीच्या बायकांना मुतखडे आणि लघवीचे संसर्ग होतात यात नवल नाही. फडात आडोसा नसतो म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात. खालच्या टोकाशी अडकलेल्या खड्याची कळ ओटीपोटात आणि जांघेत येते, लघवीला सारखी घाई होते, आणि ही लक्षणे ‘बायकांच्या दुखण्या’त सहज खपून जातात. सोनोग्राफीलाही सगळे खडे सापडत नाहीत. मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातील वायूमुळे झाकला जातो. साध्या एक्स-रेत कॅल्शियमचे खडे दिसतात पण युरिक अ‍ॅसिडचे दिसत नाहीत. शंका उरली तर औषध न टोचता केलेला सीटी स्कॅन जवळजवळ प्रत्येक खडा पकडतो. त्यात किरणोत्सर्ग असतो, त्यामुळे तो ऊठसूट करू नये हे खरे, पण गर्भाशय गमावण्यापेक्षा एक सीटी स्कॅन केव्हाही परवडला.

इतर तपासण्यांविषयी थोडक्यात. गर्भनलिका उघड्या आहेत की बंद हे साध्या सोनोग्राफीत कळत नाही, त्यासाठी पाळीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत गर्भाशयात औषध भरून एक्स-रे काढावा लागतो. आपल्या देशात गर्भनलिकांचा क्षय हे वंध्यत्वाचे एक मोठे कारण आहे आणि त्याच्या खुणा त्या चित्रात अनेकदा मिळतात. पुरुषांच्या मूत्राशयाखालील प्रोस्टेट ग्रंथीचे वजन अहवालात वाचून घाबरणारेही पुष्कळ आहेत. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते आणि माणसाला त्रास किती होतो, हे त्या वजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक पाहायचे असते. महाविद्यालयातील मुलींच्या अहवालांवर ‘पीसीओडी’ (अंडाशयात अनेक बारीक पुटी आणि अनियमित पाळी) हा शिक्का तर सर्रास मारला जातो. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत २०१८ मध्येच स्पष्ट केलेले आहे.

ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पोटातील गाठींच्या अशा चित्रांवरील लेख प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे तंत्र स्त्रीरोगशास्त्रात रुजले. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी एका बाईला शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला जठराचा कर्करोग आहे असे इतरांनी ठरवले होते. ध्वनिलहरींनी दाखवले की ती अंडाशयाची मोठी गाठ आहे आणि ती काढता येते. चुकीच्या निकालातून एका बाईला सोडवण्यापासून ज्या यंत्राची कीर्ती सुरू झाली, त्याच यंत्राने आमच्या जिल्ह्यात आधी मुली घटवल्या (२०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली ८०७ होत्या) आणि पुढे मुलींच्या आयांची गर्भाशये.

पहिल्या गैरवापरानंतर गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडक झाला. गर्भवती स्त्रीच्या प्रत्येक तपासणीचा, त्या कायद्याने ठरवलेला एफ फॉर्म आम्ही भरतो, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल पाठवतो, यंत्र परवानगीशिवाय एका खोलीतून दुसरीकडे हलवत नाही. या जाचाविषयी माझे व्यवसायबंधू कुरकुरतात. मी कुरकुरत नाही. पण गर्भवती नसलेल्या बाईच्या तपासणीनंतर तिचे काय झाले, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही. २०१९ नंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि ती सर्व राज्यांनी अमलात आणावीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. हे सारे स्वागतार्हच आहे. मात्र परवानगी देणाऱ्यासमोरही शेवटी कागदच येतात, आणि आमचा कागद संदिग्ध असेल तर त्यांचा निर्णय स्वच्छ कसा होणार?

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनी त्यावर बाईची तक्रार, वय आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहावी, आणि ती नसेल तर आम्ही बाईला विचारून अहवालाच्या सुरुवातीलाच लिहावी. मूत्राशय भरलेले नसेल तर तपासणी उरकू नये, थांबावे. आणि अहवालाच्या शेवटी एक ओळ मराठीत असावी, जी बाईला स्वतःला नाही तर निदान तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचता येईल. जिल्हा आरोग्य यंत्रणेला एका परिपत्रकाने हे करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही की नवे यंत्र लागत नाही.

माझ्या केंद्रात गेल्या दोन वर्षांपासून आम्ही तशी ओळ लिहितो. “गर्भाशयाचा आकार वय आणि बाळंतपणे पाहता योग्य आहे, या चित्रावरून शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही,” असे वाक्य संगणकात तयारच ठेवले आहे. ते सुरू केल्यावर दोन ठिकाणांहून येणारे रुग्ण बंद झाले, हेही नमूद केले पाहिजे. माझ्या टंकलेखिकेने तेव्हा विचारले होते की ही ओळ काढून टाकू का. ती अजून तशीच आहे.

आपली,
एक क्ष-किरणतज्ज्ञ, बीड जिल्हा
(रुग्णांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव व गाव छापू नये, ही विनंती.)