जलरोधक कापडाच्या लेबलावर धुण्यांचा हिशेब हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाणी झटकून टाकणाऱ्या लेपांविषयी जे छापून येते, त्यात दीडशे अंशांहून मोठा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; तो जितका मोठा, तितका थेंब गोल) आणि कमळाच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळणारा थेंब यांचेच कौतुक असते. पण तो आकडा नव्या कोऱ्या कापडाचा असतो. गणवेश शिवून देशभर पाठवणाऱ्या आपल्या सोलापुरात विचारायला हवे ते हे, की लेप किती धुण्यांपर्यंत टिकतो. आणि नेमके त्याबद्दल लेबलावर चकार शब्द नसतो.

गुळगुळीत पृष्ठभागावर फ्लोरिनयुक्त लेप दिला तरी स्पर्शकोन साधारण १२० अंशांपुढे जात नाही. त्यापुढे जायचे तर सूक्ष्म खडबडीतपणा लागतो, ज्याच्या फटींत हवा अडकून थेंब वरच्या वर तोलला जातो. आणि घासल्यावर आधी झिजतात ती हीच टोके. शाळकरी मुलाचे जाकीट पावसात पाहावे: बाहीवर थेंब मण्यांसारखे उभे असतात, तर दप्तराचा पट्टा जिथे घासतो त्या खांद्यावर पाणी पसरून काळपट डाग पडलेला असतो. आतील पॉलियुरेथेनचा थर शाबूत असेल तर पाणी अंगापर्यंत येत नाही, पण कापड जड होते आणि आत घाम कोंडतो.

पॉलिएस्टरच्या धाग्यावर लेपाने धरून राहावे असे रासायनिक दुवे फारच थोडे असतात. म्हणून प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) किंवा कॉस्टिकची (तीव्र अल्कलीची) प्रक्रिया करून ते वाढवावे लागतात, लेपात क्रॉसलिंकर (रेणूंना एकमेकांशी जखडणारे रसायन) घालावा लागतो आणि स्टेंटरमध्ये, म्हणजे कापड ताणून तापवणाऱ्या यंत्रात, साधारण १५० ते १७० अंश सेल्सिअसला क्युरिंग (उष्णतेने लेप पक्का होणे) पुरे व्हावे लागते. गॅस वाचवण्यासाठी यंत्राचा वेग वाढवला, तर कापड त्या दिवशीच्या चाचणीत उत्तीर्ण होते आणि थोड्याच धुण्यांत उघडे पडते. प्रोसेस हाऊसमधल्या कोणालाही हे नवे नाही.

टिकाऊपणात सरस असलेली जुनी आठ कार्बनी फ्लोरिन रसायने आता वापरातून जात आहेत, आणि ते योग्यच आहे. त्यांच्याशी निगडित पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये, निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक प्रदूषकांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. फ्रान्सने तर १ जानेवारी २०२६ पासून, काही संरक्षक पोशाख वगळता, कपड्यांतील पीफास या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या सबंध वर्गावरच बंदी घातली. सिलिकोन, मेण व हायड्रोकार्बनचे पर्याय पाणी चांगले परतवतात, तेल मात्र नाही, आणि त्यांची टिकाऊ क्षमता उत्पादनागणिक बदलते. म्हणून चाचणीवाचून शब्दावर विश्वास ठेवता येत नाही.

ही चाचणी महागडी नाही. ४५ अंशांच्या कोनात तिरप्या ताणलेल्या कापडावर १५ सेंटिमीटर उंचीवरून २५० मिलिलिटर पाणी शिंपडून भिजण्याची श्रेणी ठरवतात. (पाणी शोषणाऱ्या टॉवेलसाठी नावाजलेल्या गावाला ओलाव्याची पारख शिकवावी लागू नये!) जाकिटे व दप्तरे खरेदी करणाऱ्या शाळांनी आणि संस्थांनी निविदेतच नव्या कापडाची श्रेणी आणि वीस धुण्यांनंतरची श्रेणी, अशा दोन्ही मागाव्यात, आणि उत्पादकांनी त्या लेबलावर छापाव्यात.

आपला,
एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर