विन्क्रिस्टीन पिशवीतूनच द्या

महोदय,

दारातल्या सदाफुलीपासून मिळणारे विन्क्रिस्टीन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही हुकमी औषध आहे. हे इंजेक्शन फक्त शिरेतून द्यायचे. याच मुलांना मेथोट्रेक्सेट हे कर्करोगाचे दुसरे औषध मात्र पाठीच्या मणक्यातून देतात. दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये आल्या आणि अदलाबदल होऊन विन्क्रिस्टीन मणक्यात गेले, तर रुग्ण बहुधा वाचत नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला २००१ साली अठरा वर्षांचा तरुण असाच दगावला. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच उपाय सांगितला: विन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्या. पिशवी चुकून कोणी मणक्याला लावत नाही. एवढ्या स्वस्त उपायाला ‘आमच्याकडे पद्धत नाही’ हे रुग्णालयांचे उत्तर मला तरी पटत नाही.

पालकांनीही लक्ष ठेवावे. या औषधाने पोटाला तडस लागते, जबडा दुखतो, बोटांना मुंग्या येतात. पोराच्या पायातून चप्पल निसटू लागली, शर्टाची बटणे लागेनाशी झाली, तर तो आळस नव्हे. नसांवर परिणाम झालेला असू शकतो. इंजेक्शन चालू असताना हात जळजळला तर तिथल्या तिथे सिस्टरांना सांगा. औषध शिरेबाहेर झिरपले तर मांस सडते. आणि नायट्यासाठी दुकानातून सर्रास आणली जाणारी इट्राकोनॅझोलची गोळी या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तिच्यामुळे विन्क्रिस्टीनचे दुष्परिणाम कितीतरी वाढतात.

– एक निवृत्त परिचारिका, मिरज