ओझरच्या मिगचे नाक सावरणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

संगणकावरचे माझे मिग-२१ विमान आपण उडण्याजोगे करून दिलेत, त्याबद्दल मी मानधनाचा विषय काढला तेव्हा आपण तो तिथेच थांबवलात आणि म्हणालात, ‘काय काय बिघडले होते आणि कशामुळे, तेवढे नीट लिहून काढा, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शोधायला नको.’ म्हणून हे आभाराचे पत्र आपल्या पत्त्यावर न धाडता सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, आणि त्यात आभारांपेक्षा बिघाडांना अधिक जागा दिली आहे. आपल्याला ते आवडेल, अशी खात्री वाटते.

माझे वडील १९७४ साली नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. मिग-२१ विमाने भारतात बांधता यावीत यासाठीच तो कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला होता, आणि ऐंशीच्या दशकात तिथून बाहेर पडलेल्या मिग-२१ बिस (मिग-२१ची सुधारित आवृत्ती) विमानांपैकी कित्येकांवरून वडिलांचा हात फिरलेला आहे. जोडणीच्या काळात ते शेकडो वेळा कॉकपिटमध्ये उतरले. परंतु तेच विमान धावपट्टी सोडते तेव्हा आत बसलेल्या माणसाला काय दिसते, हे पाहण्याचा योग त्यांना कधी आला नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला, तो सोहळा त्यांनी दूरचित्रवाणीवर संपूर्ण पाहिला आणि नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात मी संगणकावर लढाऊ विमाने उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी मिग-२१ बिसचे ॲड-ऑन, म्हणजे त्यात जोडायचे ते विमान, घेतले, शिवाय जॉयस्टिक, थ्रॉटल आणि पायांची पेडल असा सगळा सरंजाम जमवला. पुढचे सहा आठवडे मात्र ते विमान मला धड उडवता आले नाही, आणि वडिलांना त्यात बसवण्याचे धैर्यही झाले नाही.

एका परिचितांनी आपला दूरध्वनी क्रमांक दिला, तेव्हा मी आपल्याला सांगितलेल्या तक्रारी अशा होत्या: जमिनीवर पेडल कितीही दाबले तरी विमान वळत नाही, वेग आला की नाक अचानक खाली जाते किंवा विमान एका बाजूला कलते, थ्रॉटल पुढे ढकलला की इंजिनाचे फेरे कमी होतात, आणि पायलटची नजर इतकी खाली आहे की समोर धावपट्टीऐवजी उपकरणांची पाटीच दिसते. मी हे सर्व एकाच बिघाडाचे रूप समजत होतो आणि ॲड-ऑन दोनदा काढून पुन्हा टाकले होते. आपण शांतपणे ऐकून घेतलेत आणि पहिल्या संध्याकाळी मला विमान सुरूच करू दिले नाहीत. ‘आपला हात काय करतो आहे ते आपल्याला ठाऊक आहे. सिम्युलेटरला काय वाटते आहे ते आधी पाहू,’ हे आपले वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

ते पाहण्याची सोय सिम्युलेटरमध्येच होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. उजवे कंट्रोल आणि एंटर ही बटणे एकत्र दाबली की पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकट उघडते. तिच्यात दांडी, म्हणजे जॉयस्टिक, कुठे आहे ते एका ठिपक्याने दिसते आणि पेडल व थ्रॉटल यांची जागा रेषांवर दिसते. आपण मला दांडीवरचा हात काढून घ्यायला सांगितलेत आणि फक्त उजव्या पायाचा चवडा दाबायला लावलात. दांडीला कोणीही स्पर्श केलेला नसताना तिचा ठिपका चौकटीत एका टोकाला सरकला. सहा आठवड्यांचे कोडे त्या एका हालचालीत उलगडले, आणि तो क्षण मी विसरणार नाही.

त्याचे कारण पुढच्या वाचकासाठी मुद्दाम सविस्तर लिहितो. नवे उपकरण जोडले की हा सिम्युलेटर, ते हाताचे आहे की पायाचे याचा विचार न करता, त्याच्या पहिल्या दोन ॲक्सिसना, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या दिशांना, कलणे आणि नाक वर-खाली करणे ही कामे आपोआप देऊन टाकतो. माझ्या पेडलच्या पहिल्या दोन ॲक्सिस म्हणजे दोन्ही चवड्यांचे ब्रेक. त्यामुळे विमानाचे नाक एकाच वेळी माझ्या हाताच्याही ताब्यात होते आणि उजव्या चवड्याच्याही, आणि उड्डाणाच्या ताणात पाय किंचित जरी दाबला गेला तरी विमान खाली झेपावत होते. आपण मला सेटिंगमधला ॲक्सिसचा तक्ता उघडायला लावून त्याचे छायाचित्र मागवलेत आणि प्रत्येक ओळीत एकाहून अधिक उपकरणांची नोंद कुठे आहे ते तपासलेत. अशा पाच ओळी निघाल्या. त्या आपण एकदम पुसू दिल्या नाहीत. सर्व उपकरणे काढून, एकेक जोडत, प्रत्येक वेळी ती लहान चौकट पाहत पुसायला लावल्या. थ्रॉटलचे उलटे चालणे त्या मानाने किरकोळ होते. त्याच ॲक्सिसच्या खिडकीत दिशा उलटवण्याची खूण होती, ती केली आणि प्रश्न मिटला.

जमिनीवर न वळण्याची गोष्ट मात्र वेगळी निघाली, आणि मला वाटते की आपल्या मदतीचे खरे मोल तिथे कळले. मी ते दुरुस्त करा म्हणून मागे लागलो होतो. आपण म्हणालात की इथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही, हे विमान असेच वळते. मिग-२१चे पुढचे चाक पेडलला जोडलेले नसते, ते मोकळे फिरते. ब्रेकची पकड दांडीवर असते आणि पेडल ज्या बाजूला दाबावे त्या बाजूचे चाक अधिक आवळले जाते, म्हणून पकड दाबून ठेवून पेडल मारले तरच विमान वळते. शेजारच्या खोलीतून हे ऐकणारे माझे वडील उठून आले आणि म्हणाले, ‘बरोबर सांगताहेत त्या. त्याच्या ब्रेकला तेल नाही, हवा असते. पकड सोडली की फुस्स करून आवाज येतो.’ एकावन्न वर्षांपूर्वी शिकलेली गोष्ट त्यांनी ज्या सहजतेने सांगितली, ती ऐकून आपणही क्षणभर थांबला होतात.

यातून आणखी एक गाठ सुटली. या विमानाला चवड्यांचे ब्रेक मुळातच नाहीत. म्हणजे ज्या दोन ॲक्सिसनी माझा इतका घात केला, त्यांना इथे कोणतेच काम द्यायचे नव्हते. आपण त्या रिकाम्या ठेवायला सांगितल्यात आणि ब्रेकची पकड जॉयस्टिकच्या खालच्या कळीला जोडून दिलीत, जेणेकरून करंगळीने ती दाबून ठेवता येईल. विमानाची रचना समजून घेतल्याशिवाय त्याची बटणे जोडू नयेत, हे मी त्या दिवसापासून पाळतो आहे आणि आता दुसरे कोणतेही विमान उघडण्याआधी त्याचे ब्रेक व चाक यांच्याविषयी वाचून घेतो.

तरीही नाक पूर्ण सावरले नव्हते. आठ दिवसांनी मी पुन्हा आपल्याला त्रास दिला, कारण सरळ उड्डाणात विमान हळूहळू नाक उचलत होते आणि लहान चौकटीत दांडी तर अगदी मध्यभागी दिसत होती. आपण विचारलेत, ‘हे होते त्याच्या आधी आपण कुठे पाहत असता?’ हा प्रश्न मला कधीच सुचला नसता. मी वेग पाहण्यासाठी खाली पाहत असे, आणि खाली पाहण्यासाठी जॉयस्टिकच्या माथ्यावरची चौदिशा कळ अंगठ्याने ओढत असे. त्याच कळीला मी पहिल्या आठवड्यात, आधीची जोडणी न पुसता, नाकाच्या ट्रिमचे, म्हणजे दांडी न धरताही नाक ठरावीक उंचीला ठेवणाऱ्या सोयीचे, काम दिले होते. प्रत्येक वेळी मी वेगाकडे पाहिले की ट्रिम थोडा सरकत होता. आपण ती कळ ट्रिमकडेच ठेवायला सांगितल्यात, कारण खऱ्या दांडीवरही ट्रिमचे बटण अंगठ्याखालीच असते, आणि नजर फिरवण्यासाठी थ्रॉटलवरची दुसरी कळ निवडून दिलीत.

नजरेचा प्रश्न सर्वांत चिवट होता. माझ्या लॅपटॉपला उजवीकडचा आकड्यांचा वेगळा फलक नाही, आणि या सिम्युलेटरमध्ये पायलटचे डोके हलवण्याची, दृश्य जवळ-दूर करण्याची आणि ते जतन करण्याची बहुतेक कामे त्याच फलकावर आहेत. त्यामुळे मी जे वाचून करू पाहत होतो ते माझ्या यंत्रावर होणे शक्यच नव्हते. आपण ही सर्व कामे शोधून साध्या बटणांवर आणून दिलीत आणि मग डोके किती उंच हवे यावर आपली नि माझी बरीच चर्चा झाली. शेवटी निर्णय वडिलांनी केला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, पडद्याकडे पाहिले, त्या निळसर हिरव्या पाटीवरून नजर फिरवली आणि सांगितले, ‘आसन फार खाली आहे. आपण बसायचो तेव्हा नेम धरायच्या काचेतून सरळ पलीकडे दिसायचे.’ ते सांगतील तसे मी डोके वर आणि थोडे मागे घेत गेलो. त्यांनी हात केला तिथे थांबलो आणि ते दृश्य जतन केले. आपण दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या छायाचित्रावर खूण करून कळवलेत की नेमाचे वर्तुळ आता काचेच्या बरोबर मध्ये येते आहे.

दृश्याच्या कोनाविषयी आपण दिलेला सल्लाही नोंदवून ठेवतो. कोन रुंद ठेवला तर सगळी पाटी दिसते, पण धावपट्टी लांबवर चिमुकली दिसून उंचीचा अंदाज चुकतो. अरुंद ठेवला तर धावपट्टी खरी वाटते, पण नळीतून पाहिल्यासारखे बाजूचे काहीच दिसत नाही. हे विमान टेकतानाही ताशी २७० ते ३०० किलोमीटरच्या घरात असते आणि त्या वेळी त्याचे नाक वर असते, म्हणून समोरचे आधीच कमी दिसते. आपण दोन दृश्ये वेगवेगळी जतन करून दोन बटणांवर दिलीत, एक उपकरणे वाचण्यासाठी आणि एक उतरण्यासाठी. माझ्या मते एवढा एक बदल केला तरी नवशिक्याची निम्मी उतरणी सुधारतील.

यूएसबीचे पोर्ट बदलले की सगळ्या जोडण्या पुसल्यासारख्या होतात, कारण संगणक तेच उपकरण नवे समजतो. त्यावर प्रत्येक पोर्टला चिठ्ठी लावणे आणि जोडण्यांची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणे हा आपला उपाय मी त्याच रात्री केला.

आपण न मागता केलेली एक गोष्ट सांगायची राहिली आहे. वडिलांचा उजवा हात थोडा कापतो, हे मी आपल्याला बोललो नव्हतो. लहान चौकटीतला ठिपका त्यांच्या हाती थरथरताना आपण पाहिलात आणि त्याविषयी अवाक्षर न काढता मला स्वतंत्रपणे लिहून पाठवलेत की मध्याजवळ थोडी मृत जागा (जिथली हालचाल सिम्युलेटर धरत नाही) ठेवावी, आणि दांडीच्या प्रतिसादाची वक्रता १५ वरून २५ वर न्यावी, म्हणजे दांडी मध्याजवळ असताना हाताची लहान हालचाल विमानापर्यंत आणखी कमी पोहोचेल आणि टोकाला पूर्ण ताकद तशीच राहील. ती जोडणी त्यांच्या नावाने वेगळी जतन केली आहे. त्यांना ती वेगळी आहे हे मी सांगितलेले नाही, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवताना हा परिच्छेद वगळणार आहे.

गेल्या रविवारी सकाळी ते स्वतः बसले. इंजिन चालू झाल्यावर त्यांनी ब्रेकची पकड दाबून सोडली, हवेचा आवाज ऐकला, पुन्हा एकदा दाबून सोडली आणि मग विमान हलवले. धावपट्टीपर्यंत त्यांनी चार वळणे घेतली, प्रत्येक वळणावर पकड आणि पेडल बरोबर एकत्र. उड्डाण अकरा मिनिटांचे झाले. उतरणे मी केले, कारण त्यांनी तसे सांगितले. पण उतरण्याचे दृश्य बटण दाबून त्यांनीच लावून दिले. उतरल्यावर त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न आपल्यासाठी आहे: ओझरची धावपट्टी यात कशी आणता येईल? आपल्याला सवड असेल त्या रविवारी रात्री नऊनंतर फोन केला तर चालेल का, ते कृपया कळवावे.

आपला कृतज्ञ,
ओझरच्या एका निवृत्त फिटरचा मुलगा